हळू सायकलची शर्यत

परवा तुझ्याकडे आलो तेव्हा गॅलरीत तुझी माउंटन बाइक दिसली. हँडलवर टॉवेल वाळत होता, मागचं टायर पार बसलं होतं. विचारलं तर म्हणालीस, "मामा, पहिल्यासारखी मजाच येत नाही." तेव्हा मी चहा पीत गप्प बसलो, कारण हे मी स्वतः तीन वर्षं भोगलंय आणि चार माणसांत चटकन सांगता येण्यासारखं ते नव्हतं. आता नीट बसून लिहितो.

तुझे आजोबा, आमचे अण्णा, सासवडच्या आसपास पोस्टमन होते. दिवे, सोनोरी, भिवडीकडच्या वाड्यावस्त्यांवर खाकी पिशवी कॅरिअरला बांधून जायचे. तेव्हा डांबरी रस्ता दिवे घाटापुरता, बाकी सगळी बैलगाडीची चाकोरी. गिअर नाही, शॉकअप नाही, चोवीस इंची फ्रेमची काळी सायकल. त्यांनी हयातीत 'माउंटन बाइक' हा शब्द ऐकला नसेल, पण मुरमाच्या उतारावर सायकल कशी न्यायची हे मला त्यांनीच शिकवलं. पुढे लिहिलेलं बरंचसं त्यांचं आहे. थोडं माझ्या मोडलेल्या हाडाचं.

हाडाची गोष्ट अशी. पन्नाशी उलटल्यावर मी पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली महागडी सायकल घेतली आणि मोबाइलवर वेळ मोजायला लागलो. कानिफनाथाच्या डोंगरालगतचा एक उतार गेल्या आठवड्यापेक्षा चार सेकंदांनी लवकर उतरलो की खूश, सहा सेकंद जास्त लागले की दिवस खराब. मल्हारगड डोळ्यांसमोर असायचा आणि मी बघायचो हँडलवरचे आकडे. एका वळणावर सुटी खडी लागली, पुढचं चाक निसटलं, गळ्याजवळचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सायकल बंद केली. सात महिन्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर, वेगात जायचं नाही.

मग करायचं काय? हळू जायला लागलो. आणि पहिल्याच सकाळी ओढ्याकाठच्या वाटेवर, दोन दगडांमधून पाय न टेकता सायकल काढताना, पोटात तीच गुदगुल्यांसारखी लहर आली जी सातवीत आली होती. तुला ठाऊक नसेल, शाळेच्या हळू सायकल शर्यतीत मी पहिला आलो होतो. मैदानावर फक्कीने पट्टे आखायचे, शिट्टी वाजली की निघायचं, पाय टेकला की बाद, आणि सगळ्यांच्या मागून पोचेल तो जिंकला. वेगात सायकल आपोआप उभी राहते. हळू चालवताना ती आपल्याला उभी ठेवावी लागते. डोंगरातली सायकल म्हणजे तीच शर्यत, फक्त फक्कीच्या जागी दगड आणि खळगे.

म्हणून सुरुवात तिथूनच कर. डोंगरावर जाऊच नकोस आधी. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने दोन हात रुंदीचा, पंधरा-वीस पावलं लांबीचा पट्टा आख आणि तो अर्ध्या मिनिटात पार कर. जमलं की पाऊण मिनिट लाव. हलका गिअर, पायडल सतत किंचित ताणात, मागच्या ब्रेकवर एक बोट. तोल गेला असं वाटलं की हँडल पडणाऱ्या बाजूला वळव, उलट नव्हे. मग पूर्ण थांबायचा प्रयत्न कर. जरा चढावर तोंड करून, पुढचं चाक थोडं तिरकं, दोन्ही पायडल जमिनीला समांतर. दोन सेकंद उभी राहिलीस तरी आनंदाने ओरडशील. मी बासष्टाव्या वर्षी ओरडलोय.

आता हवा. दुकानदार टायर दगडासारखं कडक करून देतात, कारण रस्त्यावर ते पळतं. डोंगरात कडक टायर प्रत्येक खड्यावर उडतं आणि हाताला झिणझिण्या आणतं. ट्यूब असलेलं दोन इंची टायर आणि तुझं साठ किलोच्या आतलं वजन धरलं तर मागे 30 आणि पुढे 27-28 पीएसआय पुष्कळ. याहून फार कमी केलीस तर दगडावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. भोकं अशी जोडीने दिसली तर काटा शोधू नकोस, हवा कमी होती असं समज. एकच भोक असेल तर मात्र काटा शोधायचाच. आपल्याकडे सराटा आणि बाभूळ दोन्ही आहेत. अण्णा ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून फडकं फिरवायचे. काटा असला की फडकं अडकतं, बोट सलामत राहतं. घाईत नवी ट्यूब टाकून त्याच काट्यावर पुन्हा पंक्चर झालेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

सगळ्यात महत्त्वाचा मंत्र अण्णांचा, त्यांच्याच बोलीत: "दगडाकडं बघू नगंस, वाटंकडं बघ. चाक डोळ्यामागं जातंय." हे वाचायला सोपं आहे, पण पाळायला एक हिवाळा लागतो. भीती वाटते त्या गोष्टीवर नजर खिळते, नजरेमागे खांदे वळतात, खांद्यांमागे हँडल. उतारावर दहा-बारा पावलं पुढचा, दोन दगडांमधला मोकळा मुरूम बघायचा. समोरचा दगड एकदा दिसला, नोंद झाली, की त्याला सोडून द्यायचं. चाक कुठे आहे हे शरीराला कळतं.

दुसरं, उतारावर सीटवर बसायचं नाही. रिकिबीत उभा राहिलेला घोडेस्वार आठव. पायडल समपातळीत, गुडघे आणि कोपरं वाकलेली, कोपरं बाहेर, बूड सीटच्या जरा वर आणि मागे. सायकल खाली नाचू दे, तू वरती स्थिर राहा. हँडल गच्च आवळू नकोस. अण्णा विचारायचे, "चिमणी धरलीस का दोरी?" चिमणी धरायची, उडू नये एवढी आणि मरू नये एवढी. उतार लागण्याआधी सीट तीन-चार बोटं खाली कर, तुझ्या सायकलला त्यासाठी खटका आहे. आणि सपाटीवर परत वर घ्यायला विसरू नकोस. टाच पायडलवर ठेवून पाय सरळ होतो, ती चालवायची उंची. सीट खाली ठेवून चढ चढणाऱ्यांचे गुडघे दुखतात आणि मग ते सायकललाच दोष देतात.

ब्रेकबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मी पडलो तो ब्रेकमुळेच. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. म्हणून त्याला घाबरायचं नाही, पण तो दाबायचा सरळ वाटेवर, वळणाच्या आधी. वळण घेताना बोट सैल. सुट्या खडीवर चाकाला एका वेळी एकच काम सांगावं, वळ किंवा थांब. मी दोन्ही सांगितली. आणि अख्खा उतार ब्रेक ओढून धरायचा नाही. थोडं दाबायचं, थोडं सोडायचं, म्हणजे ब्रेकला थंड व्हायला सवड मिळते आणि हात गळत नाहीत.

या तापण्यावरून एक गोष्ट सांगतो, मला ती फार आवडते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन परगणा आहे, तिथे 1970च्या दशकात काही पोरं 1930-40 सालच्या जाड टायरच्या भंगारातल्या सायकली दुरुस्त करून डोंगरावर न्यायची. त्यांना ते 'क्लंकर' म्हणत. ब्रेक मागच्या हबमध्ये, उलटं पायडल मारलं की लागणारा. 21 ऑक्टोबर 1976 रोजी त्यांनी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर शर्यत लावली. तीन किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, सुमारे चारशे मीटरचा उतार. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि दर वेळी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्या ग्रीस भरण्यावरूनच शर्यतीचं नाव पडलं, 'रिपॅक'. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने 1977 मध्ये खास डोंगरासाठी पहिली फ्रेम बनवली, 1981 मध्ये 'स्टम्पजंपर' नावाची माउंटन बाइक कारखान्यातून बाहेर पडली आणि 1996च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचलासुद्धा. पण मूळ काय, तर जुन्या सायकली आणि कच्चा रस्ता. माझ्या डोळ्यांपुढे त्या पोरांशेजारी अण्णा उभे राहतात, खाकी पिशवी घेऊन.

चढाला एवढंच: गिअर चढ लागण्याआधी हलका करायचा. पायडलवर जोर असताना बदललास की चेन कुरकुरते आणि एक दिवस तुटते. सीटच्या टोकावर सरक, छाती हँडलकडे वाकव, म्हणजे पुढचं चाक वर उठत नाही आणि मागचं घसरत नाही. आणि जमत नसेल तर उतर, ढकलत ने. अण्णा दिवे घाट पुष्कळदा ढकलतच चढायचे. वारीत त्याच घाटाने माउलींची पालखी जाते, लाखो माणसं पायीच चढतात. त्या घाटात पायी चालण्यात कुणाला कसली लाज?

ऋतू ओळखायला शीक. पहिल्या पावसानंतर काळ्या मातीत सायकल घालू नकोस, माती टायरला चिकटून फोर्कमध्ये इतकी दाटते की चाक फिरत नाही. त्या दिवसांत मुरमाची वाट धर, तिथे पाणी थांबत नाही. शेवाळलेल्या कातळावरून नेहमी उतरून जा, तिथे कसलंच कौशल्य चालत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे आपले खरे महिने. त्यानंतर वाळलेलं गवत पेटायला एक ठिणगी पुरते.

आणि वाट आपली नाही, हे लक्षात ठेव. शेताच्या बांधावरून सायकल नेऊ नकोस. बांध खचला की शेतकऱ्याच्या शेतातली माती जाते. नवी वाटही पाडू नकोस, चाकाच्या रेघेतून पाणी वाहतं आणि दोन पावसाळ्यांत तिची घळ होते. मेंढरं समोर आली तर उतरून बाजूला उभी राहा, घंटी वाजवू नकोस, कळप बिथरतो. मेंढपाळाशी दोन शब्द बोल. पुढे ओढ्याला पाणी आहे का, वाट कुठे फुटते, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्याचा कुत्रा अंगावर आला तर पळवू नकोस सायकल. उतर, सायकल मध्ये धर, उभी राहा. तो गुरगुरून परत जातो.

घरी आल्यावर पंधरा मिनिटं सायकलला दे. प्रेशरच्या पाण्याने धुवायची नाही, पाणी बेअरिंगमध्ये घुसतं. चेन कोरड्या फडक्याने पूस, प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, दहा मिनिटांनी पुन्हा पूस. वर राहिलेलं तेल धूळ धरतं, आणि ती धूळ सगळे दाते खाते. अण्णा रविवारी अंगणात गोणपाट टाकून हे करायचे आणि मला चाक फिरवायला बसवायचे. आरे बोटांनी वाजवून बघायचे. एखादा सैल असला की त्याचा आवाज जाड येतो. मला सायकलींचं वेड लागलं ते त्या गोणपाटावर.

मोबाइल ने, पण बंद करून पिशवीत. घरी सांगून जा कोणत्या वाटेने चाललीस ते. हेल्मेट घालच. माझं तडकलेलं हेल्मेट माळ्यावर आहे, दाखवीन तुला. तो तडा माझ्या डोक्याला गेला असता, हे पडलो तेव्हा कळलं.

आता कामाचं बोलू. टॉवेल काढ, मागच्या टायरात हवा भर. रात्रभरात उतरली तर ट्यूब काढून पाण्याच्या बादलीत बुडव. बुडबुडे एकाच जागेवरून आले तर काटा, शेजारच्या दोन जागांवरून आले तर वर सांगितलंच आहे. रविवारी सकाळी साडेसहाला मी मस्तानी तलावाजवळ येतो, घाट सुरू होण्याआधी. घाटाने वर गेलो की डांबरी सोडून सोनोरीकडची गाडीवाट धरू, मल्हारगड बघत जाऊ. एका ठिकाणी ओढ्यात तीन दगड आहेत, अण्णा ते पाय न टेकता पार करायचे. मी अजून दोनच करतो. पंप माझ्याकडे आहे, दशम्या मामी देईल.