वाट बघणारं कोणीतरी

भरती किती वाजता येणार, हे काढायचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पाणी पूर्ण भरलेलं. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हिशेब ढोबळ आहे, पण मुंबईच्या किनाऱ्यावर अजून बराच जुळतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते आणि मासेमारीवरच्या घरांचं उठणं, जेवणं, झोपणंही तिच्यामागे सरकत जातं. डोल जाळं प्रवाहाच्या तोंडाशी बांधलेलं असतं. पाण्याची ओढ थांबून ते उलटं फिरायच्या आधी जरा वेळ स्थिर होतं, तेवढ्यात जाळं उचलायचं. ती वेळ हुकली की पुढच्या पाण्याची वाट बघायची. समुद्राला तुमची सबब ऐकायची सोय नाही.

मुंबईत खारदांड्याच्या कोळीवाड्यात अशाच घरात मी वाढले. ‘एकाग्रता’ हा विषय आमच्याकडे कधी निघालेला मला आठवत नाही. पण यावरून कोळीवाड्याचे गोडवे गायचा माझा विचार नाही. आता बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या खिशातही स्मार्टफोन असतो आणि बोट किनाऱ्याला लागायच्या आधी बाजारातला भाव कळलेला असतो. रेंज असेपर्यंत खलाशी पोरं रील्स बघतात. समुद्रावर गेलं की माणूस आपोआप शांत, एकचित्त होतो असं शेजारच्या कार्टर रोडवर समुद्राकाठी फिरायला येणाऱ्यांना वाटत असेल, तर त्यांनी एकदा बोटीवर जाऊन यावं.

माझं काम सबटायटल्सचं. घरूनच करते. चित्रपट किंवा मालिका परभाषेतली, पडद्याखालच्या ओळी मराठीत. या धंद्यातले सर्वसाधारण दंडक असे की एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, आणि सात सेकंदांच्या वर ती जोडी पडद्यावर ठेवायची नाही. पात्र जे बोलतं ते सगळं त्यात मावत नाही. काय गाळायचं हे ठरवण्यातच सगळं कसब. त्यासाठी मागचा प्रसंग, कोणाला काय माहीत आहे, कोण कोणाला अहो-जाहो करतं, हे सगळं एकदमच डोक्यात धरून ठेवावं लागतं. इंग्रजी सिनेमात सासू, नवरा आणि कुत्रा यांना एकच सर्वनाम पुरतं. मराठीत दर वेळी ठरवावं लागतं.

बिघाडाची पहिली खूण तिथेच दिसली. पहिल्या भागात नवऱ्याला ‘अहो’ म्हणणारी बाई तिसऱ्या भागात ‘अरे’ म्हणायला लागलेली असायची. काम कमी नव्हतं, वेळही कमी नव्हता. दिवसभर मी लॅपटॉपपुढेच असायचे. पण मध्येच शाळेच्या पालकांचा ग्रुप, गल्लीचा ग्रुप, वहिनींच्या सुक्या मासळीच्या ऑर्डरी, कुठल्याशा सेलची सूचना. प्रत्येक गोष्ट अर्ध्या मिनिटाची. संध्याकाळी अंग दुखायचं आणि दिवसभरात काय झालं हे विचारलं तर सांगता यायचं नाही. असे महिने गेले, मग वर्ष. आणि चिडचिड घरच्यांवर निघाली, ग्रुपांवर नाही.

हे का होतं, याचा अभ्यास लोकांनी केलेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क नोकरदारांच्या मागे बसून मोजमाप करत आल्या. २००४च्या सुमाराला माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा. अलीकडच्या वर्षांत हा आकडा ४७ सेकंदांवर आला. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा एक भाग पहिल्यापाशीच रेंगाळतो आणि दुसरं काम त्या प्रमाणात कच्चं होतं. माझी ‘अरे-अहो’ची गडबड हीच. शिवाय समोरचं यंत्र काही भोळं नाही. पान संपलं की थांबायचं, ही जुनी सवय. स्क्रोल करता करता पानाचा शेवटच येऊ नये, ही युक्ती एझा रॅस्किन या अमेरिकन डिझायनरने २००६ मध्ये काढली आणि पुढे त्यालाच तिचा पश्चात्ताप झाला. तो जाहीरपणे तसं बोलला आहे. आपण आपल्या इच्छाशक्तीला शिव्या घालतो तेव्हा समोर पगारी माणसांची फौज बसलेली असते, हे लक्षात ठेवलेलं बरं.

पण मला सांगण्यात आलं ते वेगळंच. लक्ष लागत नाही कारण तुमच्या आयुष्यात ध्येय नाही. आधी ध्येय शोधा, मग बघा. सावध करायचं आहे ते इथे. लक्ष विचलित झालेल्या माणसाला ‘तुझ्या जगण्याचा हेतू काय’ असं विचारणं म्हणजे त्याच्यावर आणखी एक न सुटणारं काम टाकणं आहे. आणि हा प्रश्न विकणाऱ्यांचा बाजार मोठा आहे. मीही एका हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांची कार्यशाळा केली. फी आमच्या घरच्या मानाने जबर. डोळे मिटून पाच वर्षांनंतरचं स्वतःचं रूप बघायचं, मग ते जाड कागदाच्या वहीत लिहायचं. चार वर्तुळांचं चित्रही होतं : तुम्हाला आवडतं ते, जमतं ते, जगाला हवं ते, ज्याचे पैसे मिळतात ते, आणि मधोमध इकिगाई, म्हणजे जगण्याचं कारण. जपानचं शतकानुशतकांचं शहाणपण म्हणून ते दाखवलं गेलं. प्रत्यक्षात ते चित्र जपानी नाहीच. आंद्रेस झुझुनागा या स्पॅनिश लेखकाची ती आकृती, आणि २०१४ मध्ये मार्क विन या ब्रिटिश माणसाने मधला शब्द बदलून ती इंटरनेटवर टाकली. चित्रात वाईट काही नाही. पण त्यात पडद्याआड राहिलेली एक मागणी आहे, की चारही वर्तुळं जिथे एकमेकांत येतात ती जागा सापडेपर्यंत तुमचं आत्ताचं काम कामचलाऊ समजायचं. बोंबील विकून घर चालवणाऱ्या बाईला हे चित्र दाखवा. ती तुम्हाला बोंबील घेताय का ते विचारेल.

कार्यशाळेनंतर एक ग्रुप सुरू झाला. रोज पहाटे पाचला उठून फोटो टाकायचा, दिवसाची तीन उद्दिष्टं लिहायची, इतरांच्या उद्दिष्टांना अंगठा दाखवायचा. एकाग्रतेसाठी आणखी एक ग्रुप! रात्री दोनला बोट आली की आमच्या गल्लीत चारपर्यंत जाग असते, तिथे पाचचा नियम किती दिवस टिकणार? असल्या सल्ल्यांमागे एक घर गृहीत धरलेलं असतं : दार लावता येईल अशी खोली, ठरावीक झोप, चहा आणून देणारं माणूस. दांड्यातल्या, घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या छोट्या खोल्यांमध्ये त्या घराचा एक कोपराही सापडत नाही.

मग जून आला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांची वीण होऊ द्यायची, म्हणून सरकारी बंदी, ६१ दिवसांची. पुरुष घरी असतात, जाळी दुरुस्त करत बसलेले असतात. त्या दिवसांत मी जे नेहमी बघत होते ते पहिल्यांदा नीट बघितलं. भावाच्या समोर टीव्ही चालू, मांडीवर जाळं, बाजूला फोन, मुलं अंगावर. एकाग्रतेच्या कुठल्याही पुस्तकाला हे चित्र मान्य होणार नाही. तरी जाळं पूर्ण होतं. कारण १ ऑगस्ट कोणाला पुढे ढकलता येत नाही, आणि जाळं तयार नसेल तर बोटीवरचे खलाशी थांबून राहतात, घरोघरच्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन बसतात. त्याने कधी ध्येय शोधलं नाही. त्याला तारीख होती आणि वाट बघणारी माणसं होती.

माझ्या कामाला तारीख होती, पण वाट बघणारं कोणी दिसत नव्हतं. फाइल पाठवायची, पैसे यायचे, विषय संपला. ती बाजू भरली माझ्या आत्येने. तिला आता ऐकू फार कमी येतं. टीव्हीचा आवाज बंद करून ती खालच्या ओळी वाचत मालिका बघते. एक दिवस मला म्हणाली, “गो बाय, ती ओल वाचाचे आधीच पलते!” त्या ओळी माझ्या नव्हत्या, दुसऱ्या कोणाच्या होत्या. पण मी तिच्या शेजारी बसून बघायला लागले. तिचे ओठ हलायचे, आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर चित्र बदलायचं. दार वाजलं तर पडद्यावरची माणसं वळून बघायची आणि आत्या विचारायची, काय झालं? आवाजाची सूचना ओळीत नव्हतीच.

वाचता येण्यासाठी ओळी किती कामाच्या असतात हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेतले शब्द दाखवायची कल्पना लावून धरली, नवशिक्या वाचकांचा सराव व्हावा म्हणून. हे वाचून मी मान डोलावली होती आणि कामात काडीचा फरक पडला नव्हता. आत्येच्या एका तक्रारीने पडला. त्यानंतर ओळ छोटी करताना डोळ्यांसमोर तिचे हलणारे ओठ असतात. फोन वाजतो, कधी उचलतेही, पण परत कुठे यायचं ते माहीत असतं.

तेव्हा कोणी मला विचारलं तर मी उलटीकडून सुरुवात करायला सांगते. हेतूचा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. तुमचं काम झालं नाही तर कोणाचं अडतं, त्या एका माणसाचं नाव काढा. ‘समाज’, ‘ग्राहक’, ‘वाचक’ चालणार नाही. चेहरा हवा. बँकेत असाल तर पेन्शनीचा कागद घेऊन येणारे आजोबा, शिकवत असाल तर मागच्या बाकावरची ती एक मुलगी. जमेल तर त्या माणसाला एकदा तुमचं काम वापरताना बघा, गप्प बसून. आणि असं कोणीच सापडलं नाही, तर तीही माहिती मोलाची आहे. मग कदाचित काम बदलायचा विचार करायला हवा. पण तो विचार कार्यशाळेत नको, पगाराच्या आणि कर्जाच्या आकड्यांसकट घरी बसून करा.

तारीख स्वतः स्वतःला दिली तर ती फारशी टिकत नाही. दुसऱ्याच्या हाती द्या. मी प्रत्येक भाग पाठवण्याआधी आत्येला दाखवते, तिच्या दुपारच्या झोपेआधी. ती झोपली की संध्याकाळपर्यंत गेलं.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा असं सगळेच सांगतात. टेक्सास विद्यापीठाच्या २०१७च्या एका प्रयोगात नुसता समोर ठेवलेला बंद फोनही बुद्धीचा वाटा खातो असं दिसलं होतं. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत ते तसंच दिसलेलं नाही. माझं कारण साधं आहे : उठून जावं लागलं की निम्म्या वेळा कंटाळा येतो. दुसरी खोली नसेल तर शेजारणीकडे ठेवा, किंवा फळीवर, जिथे स्टुलाशिवाय हात पोहोचणार नाही. ग्रुप सोडा असं मात्र मी सांगणार नाही. कोळीवाड्यात वादळाची सूचना, कोणाच्या घरचं मयत, समाजाची सभा हे सगळं ग्रुपवरच येतं. दोन ग्रुपांचा आवाज चालू ठेवा, बाकीचे गप्प करा.

काम मध्येच सोडावं लागणारच, विशेषतः बायकांना. सोडताना पुढचं पाऊल काय, ते एका ओळीत कागदावर लिहा. ‘सासूच्या प्रवेशापासून, अहो तपासणे’, एवढंच. लेरॉय यांच्याच पुढच्या अभ्यासात, २०१८ मध्ये, अशी नोंद करून उठणाऱ्यांचं मन मागच्या कामात कमी अडकलेलं दिसलं. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त उपयोग या चिठ्ठीचा झाला, आणि तिला पैसे पडत नाहीत.

वेळेबद्दल एकच. घर कधी रिकामं असतं ते आधी बघा, मग घड्याळ. आमच्याकडे आई पाटी घेऊन बाजारात गेली आणि मुलं शाळेत गेली की दोन तास शांतता असते. ती बोटीच्या वेळेप्रमाणे पुढेमागे होते, मीही होते. विरार लोकलमध्ये उभ्याने दीड तास जाणाऱ्यांनी तो वेळ पुस्तक ऐकून ‘सत्कारणी’ लावलाच पाहिजे असं काही नाही. खिडकीबाहेर बघा. आणि झोप, थायरॉइड, घरातलं आजारपण, लहानपणापासूनची अस्वस्थता यांपैकी काही असेल तर फोनला दोष देत बसू नका, डॉक्टरकडे जा.

माझे हे सल्ले जिथे चालत नाहीत अशीही माणसं आहेत, आणि ती याच गल्लीत आहेत. चुलतभावाच्या घरची बोट विकली गेली. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूच्या खांबांमधून बोटी कशा काढायच्या, जाळी कुठे टाकायची, या काळजीत इथली बरीच घरं आहेत, आणि नव्या पोरांना या धंद्यात उतरवायला आया कचरतात. चुलतभाऊ आता बाइकवर जेवण पोचवतो. ऑर्डर फोनवर येते, तीही काही सेकंदांत स्वीकारावी लागते. त्याला फोन फळीवर ठेव म्हणणं म्हणजे चूल बंद ठेव म्हणणं आहे. वाट बघणारी माणसं तर त्याला दर अर्ध्या तासाला नवी मिळतात, फक्त त्यांचे चेहरे दार उघडण्यापुरते दिसतात. आम्ही दोघं यावर बरंच बोललो. सध्या तो आठवड्यातून एकदा दुसऱ्या काकांच्या बोटीवर हात द्यायला जातो आणि तेवढा वेळ ॲप बंद करतो. त्यामुळे त्याला मिळणाऱ्या ऑर्डरी कमी होतात का, ते तो या महिन्यात मोजतो आहे.