‘तो सारखा फेऱ्या का मारतो?’

सिलतऱ्यात राहणाऱ्या आपल्या मराठी घरांत सुट्टीचा दिवस किती मोलाचा, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. स्पंज आयर्नच्या कारखान्यातली पाळी बदलत राहते, साप्ताहिक सुट्टी कधी मिळते, कधी हुकते. मुलं धुराडी आणि ट्रकच्या रांगा बघत मोठी होतात. म्हणून एखादा दिवस मोकळा मिळाला की आपण त्यांना भिलाईच्या मैत्रीबागेत नेतो. जरूर न्या. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीनं उभा राहिला आणि त्या मैत्रीची आठवण म्हणून कारखान्यानंच १९७२ साली ही बाग वसवली. लोखंडाच्या कामावर घर चालणाऱ्या मुलांना ही गोष्ट जवळची वाटते. बाबा जे काम करतात, तसंच काम करणाऱ्यांनी ही बाग केली, असं सांगून बघा.

पण माझं आजचं सांगणं पिंजऱ्यापुढे उभं राहिल्यावरचं आहे. आपण मुलांना प्राणी दाखवतो, फोटो काढतो आणि पुढे ओढतो. मूल काही विचारतं तेव्हा तोंडाला येईल ते उत्तर देतो. पांढऱ्या वाघापुढे ‘हा बर्फातला वाघ’ असं सांगणारे आईबाबा मी पुष्कळदा ऐकले आहेत. पांढरा वाघ बर्फातला नाही, त्याची जातही वेगळी नाही. तो आपलाच पट्टेरी वाघ. आई आणि वडील, दोघांकडूनही एक दुर्मीळ जनुक मिळालं तरच पिल्लू पांढरं जन्मतं. १९५१ साली रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी जंगलात असं एक पिल्लू पकडलं आणि त्याचं नाव मोहन ठेवलं. पांढरी पिल्लं मिळावीत म्हणून पुढे मोहनची जोडी त्याच्या स्वतःच्या मुलीशी लावली गेली. नात्यातल्या नात्यात अशा जोड्या लावत गेलं की पिल्लांत दोष उतरतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे समजतं. हा रंग माणसांच्या हौसेपायी जपला गेला, हेही त्याला समजतं.

त्याहून अवघड प्रश्न दुसरा. वाघ कुंपणाच्या कडेनं एकाच वाटेवरून येतो-जातो, येतो-जातो. मूल विचारतं, ‘तो सारखा फेऱ्या का मारतो?’ ‘व्यायाम करतोय’ असं सांगून मोकळे होऊ नका. जंगलात नर वाघाचा इलाखा कित्येक चौरस किलोमीटर पसरलेला असतो, इथे तेवढी जागा नाही, बंदिस्त प्राणी कंटाळून असं करतात, हे सरळ सांगा. मग पुढचा प्रश्न येणारच, ‘तर सोडून का देत नाहीत?’ कारण तो इथेच जन्मला. जंगलातलं पिल्लू साधारण दोन वर्षं आईबरोबर राहून शिकार शिकतं, याला ते शिकायलाच मिळालं नाही. हे ऐकून मुलाचा चेहरा उतरेल. उतरू द्या. ते दुःख त्या प्राण्याविषयीच्या मायेतूनच येतं, ते घाईनं पुसायला आइस्क्रीम पुढे करू नका.

आणि झोपलेल्या वाघाला उठवायला हाका मारू नका. दिवसा पडून राहणं हा त्याचा स्वभाव आहे.

मे महिन्यात आजी-आजोबांकडे मुंबईला जाल तेव्हा राणीबाग होईलच. १८६२ पासूनची ती बाग. तिथे हम्बोल्ट पेंग्विन आहेत, २०१६ साली दक्षिण कोरियाहून आणलेले. काचेमागचा गारवा बघून मुलांना वाटतं, हे बर्फावरचे पक्षी. त्यांना नकाशा काढून पेरू आणि चिलीचा किनारा दाखवा. या पेंग्विनांचं घर तिथे, थंड सागरी प्रवाहाच्या काठी. मत्स्यालयात गेलात तर काचेवर टकटक करणारा हात हळूच धरा. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक रेषा असते, तिच्यातून त्याला पाण्यातली कंपनं जाणवतात. एवढं कळलं की बहुतेक मुलं आपणहून थांबतात. थांबत नाहीत ती बरेचदा मोठी माणसं.

सगळी बाग एका दिवसात संपवायची नसते. दोन-तीन प्राणी निवडा, तिथे बसा, वाट बघा. उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा आणि घरी येऊन दोघं मिळून शोधा.

पावसाळा सरला की नवा रायपूरच्या जंगल सफारीतही घेऊन जा. तिथे जाळीच्या गाडीत आपण बसतो आणि प्राणी मोकळे असतात. मैत्रीबाग बघून आलेल्या मुलाला हा फरक लगेच जाणवतो. रानम्हैस हा आपल्या छत्तीसगडचा राज्यप्राणी, उदंतीच्या जंगलात ती आता अगदी थोडी उरली आहे, हे जाताना गाडीत सांगा. खिडकीजवळची जागा मुलाला द्या आणि मोबाइल पिशवीत राहू द्या.