उत्पादकतेचा अर्थ व तिच्या मर्यादा

एकरीं ऊंस किती टन आला, हा प्रश्न गांवोगांवीं पारावर विचारला जातो आणि ज्याचा आंकडा मोठा तो उत्तम शेतकरी ठरतो. हा मान अयोग्य आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु उत्पादकता या शब्दाचा अर्थ नीट न समजल्यास तोच आंकडा शेतकऱ्यास फसवितो. म्हणून त्याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

उत्पादकता हा एक भागाकार आहे. निघालेलें उत्पन्न हा भाज्य, व त्यासाठीं खर्ची पडलेली वस्तु हा भाजक. भाजक बदलला कीं उत्तर बदलतें. आडसाली ऊंस शेतांत सुमारें १८ महिने उभा राहतो. चार महिन्यांच्या ज्वारीशीं त्याची तुलना करावयाची तर दरमहाचा हिशेब काढला पाहिजे. पाण्याचेंही तसेंच. उंसास पावसासह २,००० मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक, म्हणजे एकरीं निदान ८० लाख लिटर पाणी लागतें. रब्बी ज्वारीचें त्याच्या सुमारें चतुर्थांशांत भागतें. जेथें जमीन थोडी व पाणी विपुल, तेथें एकरी मान योग्य. जेथें विहिरीनें तळ गांठला आहे, तेथें पाण्याचा भाजकच खरा.

दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. जें वहींत लिहिलें जात नाहीं तें फुकट, असें आपण मानतों. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकांठीं अति पाण्यानें व निचऱ्याच्या अभावीं कित्येक सुपीक जमिनी खारवट व चोपण झाल्या. भरघोस पिकाच्या वर्षींच्या जमाखर्चांत ही तूट कोठेंच दिसत नाहीं. वस्तुतः हें उत्पन्न नव्हे, भांडवल मोडून खाणें होय. तीच गत घरच्या स्त्रियांच्या श्रमांची. बियाणें निवडणें, गुरांचें वैरणपाणी, खुरपणी यांची मजुरी कोणीच मांडीत नाहीं.

राष्ट्रांच्या हिशेबांतही हाच दोष आढळतो. १९३४ सालीं अमेरिकेच्या सिनेटसाठीं राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल तयार करतांना सायमन कुझ्नेट्स या अर्थशास्त्रज्ञानें गृहिणींचें काम गणनेंतून वगळलें. मात्र अशा आंकड्यावरून राष्ट्राचें कल्याण ठरवितां येत नाहीं, असा इशाराही त्यानेंच दिला. पुढें असे आंकडे जगभर रूढ झाले आणि इशारा मागें पडला.

सबब शेतकरी बंधुभगिनींस आमची सूचना अशी कीं, यंदाच्या सुगीनंतर एकरी उत्पन्नाखालीं आणखी तीन ओळी लिहाव्या: पाण्याच्या पाळ्या किती दिल्या, घरच्या माणसांचे, स्त्रियांसुद्धां, दिवस किती गेले, आणि माती-परीक्षणांत क्षार व सेंद्रिय कर्ब वाढले कीं घटले. या तिन्ही ओळी भरून जें शिल्लक राहील, तेंच खरें उत्पन्न समजावें.