चार दिवसांत किती कोकण?

प्रश्न : सोयाबीन विकून झालं की आई-वडिलांना पहिल्यांदा समुद्र दाखवायचाय. चार दिवसांत गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवण, गोवा जमेल का? दोघंही माळकरी आहेत.
– एक वाचक, कनेरगाव नाका

उत्तर : जमेल, पण समुद्र गाडीच्या काचेतूनच दिसेल. नकाशावर जवळ दिसणारी गावं घाट-खाड्यांमुळे लांब पडतात. गोवा काढून टाका, पुळं-रत्नागिरी पुढच्या खेपेला ठेवा. फक्त मालवण आणि वेंगुर्ला करा. येण्याजाण्याचा वेळ या चार दिवसांत धरू नका.

हिंगोलीहून मुंबई गाठा आणि तिथून रात्रीच्या कोकणकन्येने कुडाळला उतरा. तिथून मालवणला एसटी मिळते. मुक्काम हॉटेलात नको, घरगुती निवासात करा. माळकरी असल्याचं खोली ठरवतानाच सांगा, म्हणजे भांडी वेगळी ठेवतील. घावणे, आंबोळी, काळ्या वाटाण्याची आमटी, सोलकढी. मासळीवाचून कोकणात उपाशी राहायला होतं, हा आपल्याकडचा गैरसमज आहे.

सिंधुदुर्गाची होडी सकाळीच धरा. किल्ल्यात शिवरायांचं देऊळ आहे, वडिलांना ते बघू द्या, तटावर चढायची घाई नको. आचऱ्याला रामेश्वराचं दर्शन घ्या. दर तीन-चार वर्षांनी हे अख्खं गाव गुराढोरांसह वेशीबाहेर राहायला जातं. तिथल्या म्हाताऱ्यांना या गावपळणीबद्दल विचारा, तास सहज जाईल. वेंगुर्ल्याला बंदर, दीपगृह आणि बाजार पुरे.

डिसेंबर-जानेवारी उत्तम, पण नाताळाचा आठवडा टाळा, खोल्यांचे भाव चढलेले असतात.