बायोसची फाईल नावावरून ओळखू नका

नगरला सावेडीतल्या आमच्या घरी टीव्हीला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक जोडून पुतण्यांसाठी जुने गेम लावले, तेव्हा ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ लगेच सुरू झाले. प्लेस्टेशनचा ‘टेक्केन ३’ मात्र काळ्या पडद्यावर अडायचा. मेमरी कार्ड ‘सगळं भरून’ देणारा दुकानदार म्हणाला, गेमची फाईल खराब आहे, दुसरं कार्ड घ्या. पैसे गेले, पडदा काळाच. गेममध्ये दोष नव्हताच. बायोसची फाईल नावापुरती होती.

नेस, मेगा ड्राइव्ह या मशीनना बायोस लागत नाही, त्यांचं सगळं कार्ट्रिजमध्येच असतं. प्लेस्टेशन आधी स्वतःच्या चिपमधला प्रोग्राम चालवतं आणि मग डिस्क वाचतं. तो प्रोग्राम म्हणजे बायोस. अमेरिकी गेमसाठी ‘एससीपीएच५५०१’, जपानीसाठी ‘५५००’, युरोपीयसाठी ‘५५०२’. आकार नेमका ५,२४,२८८ बाइट. आमच्या कार्डावरच्या फाईलचं नाव चोख होतं, आकार निम्माही नव्हता.

म्हणून आधी आकार बघा, मग एमडी५ काढा, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून निघणारी तिची खूण. ‘५५०१’चा एमडी५ ‘४९०एफ६६६ई’ने सुरू होतो; एक अक्षर जरी वेगळं आलं तरी ती फाईल टाकून द्या. काही एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारे प्रोग्राम) बायोस नसला तरी स्वतःच्या पर्यायी बायोसवर काम भागवतात, त्यामुळे दोष लवकर कळतच नाही; एखादा गेम मध्येच अडतो तेव्हा कळतो.

रास्पबेरी पायवर जुने गेम चालवणारं रेट्रोपाय लिनक्सवर चालतं, तिथे इंग्रजीतलं लहान आणि मोठं अक्षर वेगळं धरलं जातं. बायोसची ही नावं लहान अक्षरांतच हवीत आणि फाईल ‘बायोस’ फोल्डरमध्ये. होमब्रू केलेल्या, म्हणजे बाहेरचे प्रोग्राम चालतील अशा केलेल्या, पीएसपीवर किंवा ‘वी’वर रेट्रोआर्च हा एम्युलेटर चालवणारा प्रोग्राम असेल, तर ‘सिस्टम’ फोल्डर शोधा. ‘मेटल स्लग’ला लागणारी निओजिओच्या बायोसची झिप मात्र उघडायची नाही, गेमच्या झिपशेजारी तशीच ठेवायची. नाणं टाकून ‘मुस्तफा’ खेळलेल्यांनीही ध्यानात ठेवा: १९९३ च्या त्या कॅपकॉमच्या गेमला ‘मेम’ या आर्केड एम्युलेटरच्या नव्या आवृत्तीत आवाजासाठी क्यूसाउंडची वेगळी झिप लागते.

बायोसच्या नावाखाली ईएक्सई फाईल मिळाली, तर ती अजिबात उघडू नका. बायोस कधीच इन्स्टॉल करावा लागत नाही.

बायोसवर कंपनीचा कॉपीराइट असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ प्रोग्रामची कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला बॅकअप काढू देतं. दुकानदाराला त्या प्रती विकू देत नाही. तेव्हा माळ्यावरचं जुनं प्लेस्टेशन भंगारवाल्याला देऊ नका. अस्सल बायोस त्याच्याच चिपमध्ये आहे, आणि तो काढता येतो.