मरफा टिपायचा असेल तर

पूर्व आफ्रिकेतलं पारंपरिक संगीत टिपायला लोक झांझिबारला जातात, कंपालाला जातात. मी हैदराबादच्या काचीगुड्याला राहते. त्या संगीताचा एक जिवंत धागा मला माझ्याच शहरात, मासाब टँकजवळच्या ए. सी. गार्ड्‌स या वस्तीत सापडला. वस्तीचं नाव ‘आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्‌स’वरून, म्हणजे निजामाच्या पदरी असलेल्या हबशी घोडदळावरून पडलं. त्या शिपायांचे वंशज, सिद्दी, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत आणि लग्नाच्या वरातीत मरफा, म्हणजे डफ-नगाऱ्यांचा वाद्यमेळ, वाजवतात. गेली काही वर्षं मी तो ध्वनिमुद्रित करते आहे. त्याच ओढीनं उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी वस्त्यांत गेले, गुजरातेत भडोचकडच्या रतनपूरला जाऊन आले. असं काम हाती घेणाऱ्यांना उपयोगी पडेल असं जे हाताला लागलं, ते इथे मांडते.

१. यंत्र घेण्याआधी इतिहास वाचा.

आपल्या मराठी इतिहासात हबशी माणूस येतो तो तलवार घेऊन. खडकी वसवणारा मलिक अंबर येतो, जंजिऱ्याचे सिद्दी येतात. ही माणसं गात काय होती, त्यांच्या घरच्या लग्नात वाजत काय होतं, हे आपण कधी विचारलंच नाही. ए. सी. गार्ड्‌सला जाण्याआधी मी दोन अभ्यासकांचं लेखन वाचून काढलं. एक ओमर खालिदी यांचं हैदराबादच्या हबशांविषयीचं आणि दुसरं अबाबू मिंडा यिमेने या इथिओपियन अभ्यासकाचं २००४ साली आलेलं पुस्तक, जे पूर्णपणे हैदराबादच्या सिद्दींवर आहे. त्यामुळे वस्तीत गेल्यावर प्रश्न नेमके विचारता आले. समोरच्या माणसालाही कळतं की ही बाई तमाशा बघायला आलेली नाही. आपल्या आजोबांची पलटण हिला ठाऊक आहे.

२. ‘शुद्ध आफ्रिकी’ काही सापडेल या आशेनं जाऊ नका.

ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मरफा हे नाव अरबी. ते येमेनच्या हद्रमौत प्रांतातून आलेल्या अरबांबरोबर हैदराबादेत आलं. त्याच अरबांची वस्ती म्हणजे बारकस. मराठवाड्यातल्या वाचकांना चाऊश आडनावाचे शेजारी ठाऊक असतील, तेच हे लोक. चाऊशही मरफा वाजवतात, सिद्दीही वाजवतात. मग यात अरबस्तानचं किती, आफ्रिकेचं किती आणि दख्खनचं किती?

असा हिशोब मांडता येत नाही, मांडूही नये. झांझिबार, मोंबासा, मुकल्ला, मस्कत आणि मुंबई या बंदरांत शेकडो वर्षं गलबतांची ये-जा होती. त्या गलबतांतून लवंगा, हस्तिदंत आणि खजूर आले, विकलेली माणसं आली, पगारी शिपाई आले. प्रत्येकाबरोबर त्याचा ठेका आला. हद्रमौतच्या संगीतातच आफ्रिकी हात मुरलेला होता. हैदराबादेत ते संगीत पुन्हा एकदा आफ्रिकी हातांत आलं आणि इथल्या लग्नांत रुळलं.

हा प्रवास एकाच दिशेचा नव्हता, हेही लक्षात ठेवावं. झांझिबारची थोर गायिका सिती बिंती साद हिनं १९२८ साली आपल्या साथीदारांसह मुंबई गाठली आणि एच. एम. व्ही.साठी स्वाहिलीत गाणी मुद्रित केली. पूर्व आफ्रिकेच्या ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातला हा पहिला मोठा टप्पा मुंबईत घडला. आपल्याकडे बालगंधर्वांच्या तबकड्या घरोघर वाजत होत्या त्या काळात तिचं तराब संगीत मुंबईत मेणावर उतरत होतं. मराठी संगीतप्रेमींना हे माहीत असायला हवं.

म्हणून मी ‘यातलं आफ्रिकी कोणतं?’ असं वादकांना विचारत नाही. हे कोणाकडून शिकलात, कोणत्या प्रसंगी वाजतं, पूर्वी कसं वाजायचं, एवढंच विचारते. उत्तरं आपोआप समुद्रापर्यंत पोचतात.

३. आश्रयदाता गेला की संगीत जातं. म्हणून आज टिपा.

युगांडातल्या बुगांडा राज्याच्या कबाकाच्या, म्हणजे राजाच्या दरबारात एंटेंगा नावाचा सुरात लावलेल्या ढोलांचा संच वाजत असे. ह्यू ट्रेसी या संशोधकानं १९५० आणि १९५२ साली तिथलं दरबारी संगीत मुद्रित केलं. मे १९६६ मध्ये सरकारी फौजेनं राजवाड्यावर हल्ला चढवला, कबाका परदेशी पळाला, वाद्यं नष्ट झाली, वादक पांगले. पुढे अनेक दशकांनी एंटेंगा पुन्हा शिकवायला घेतला गेला तेव्हा ट्रेसीची मुद्रणं आणि हयात राहिलेल्या जुन्या वादकाची आठवण, हेच काय ते आधार होते.

हैदराबादची कथा वेगळी असली तरी कारण तेच आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, निजामाचं राज्य गेलं, त्याची फौज मोडली. ए. सी. गार्ड्‌सची घरं राहिली, पण पगार, घोडे आणि हुद्दे गेले. निजामाच्या काळात समारंभांत वाजणारा मरफा लग्नाच्या वरातीवर जगू लागला. फरक असा की इथे कोणी ट्रेसी वेळेवर आला नाही. १९४८ पूर्वी मरफा कसा वाजत होता याची कल्पना आज म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातूनच करावी लागते, आणि ती माणसंही आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. आता वरातीत डीजे आला आहे. मरफ्यातला ‘तीन मार’ हा ठेका सबंध तेलंगणात पसरला, गणेश विसर्जनात आणि बोनालूच्या उत्सवात वाजू लागला, २०११ साली त्या नावाचा तेलुगू सिनेमाही आला. पण स्पीकरमधून वाजणाऱ्या तीन मारमध्ये वाजवणारा हात नसतो. लोकप्रियतेमुळे ठेका टिकेल. वादन टिकेलच असं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि वादन टिकवणं जास्त निकडीचं आहे.

४. आधी वरात, मग निवांत दुपार.

पहिल्या भेटीत मी एका बुजुर्ग वादकांना अंगणात बसून थोडं वाजवून दाखवाल का, असं विचारलं. ते म्हणाले, “ऐसा बैठ के नक्को आपा, शादी में आके सुनो.” चाचांचं म्हणणं खरं होतं. मरफा चालता चालता वाजतो, समोर नाचणारी माणसं असतात, काठ्या आणि तलवारी फिरतात, आणि नाचणाऱ्याच्या पायांकडे पाहूनच वादक लय चढवतो. त्यामुळे पहिलं मुद्रण वरातीतच करावं, नाचासकट, आणि शक्यतो चित्रीकरणही करावं.

नंतर एखाद्या दुपारी त्याच वादकांना गाठून प्रत्येक वाद्य स्वतंत्र ऐकावं. डफ, मरफा याच नावाचा नगारा, ढोल, स्टीलचा घडा आणि थापी म्हणजे लाकडी पट्टी. सगळं एकत्र वाजताना घड्याचा टणत्कार इतर सगळ्यांवर स्वार होतो आणि डफाची बोटं ऐकूच येत नाहीत. एकेक वाद्य धिम्या लयीत, कॅमेरा हातांच्या वर धरून टिपलं की पुढच्या पिढीतल्या मुलाला त्यावरून शिकता येतं. माझ्या लेखी हाच कसोटीचा मुद्दा आहे: या मुद्रणावरून कोणाला वाजवायला शिकता येईल का?

यंत्राबद्दल थोडक्यात. आवाजाची पातळी कमीच ठेवा. चढलेल्या वरातीतला सर्वांत जोरदार ठोका फाटता कामा नये. मोबाइलवर हे सहसा जमत नाही, कारण तो स्वतःच आवाज दाबतो आणि चढवतो. वेव्ह फाइल, २४ बिट, किमान ४८ किलोहर्ट्‌झ, ही जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांची किमान अपेक्षा आहे. माइकला वाऱ्याचं कव्हर हवं. आणि माइक स्टँडवर लावून मोकळं होऊ नका. ट्रेसी माइक हातात धरून वादकांमध्ये फिरायचा. वरातीसाठी आजही तीच रीत योग्य आहे.

५. पूर्ण वाजू द्या.

ट्रेसीच्या काळात ७८च्या तबकडीवर तीन-चार मिनिटांपलीकडे काही मावत नसे. आपल्यावर ते बंधन नाही. सरकारी महोत्सवांतले आठ-दहा मिनिटांचे तुकडे पाहून मरफा म्हणजे नुसता गजर असा समज होतो. सबंध वरात ऐकली की कळतं, त्यात चढ आहे, विसावा आहे, घराच्या दारात पोचल्यावरचा वेगळा जोश आहे.

६. घराच्या आतही जा.

मरफा बाहेर रस्त्यावर, पुरुषांचा. त्याच लग्नात आत बायका ढोलकवर दखनी गाणी म्हणत असतात. हैदराबादेत त्यांना ‘ढोलक के गीत’ म्हणतात. विहिणीची थट्टा, नवरीची पाठवणी, सगळं त्यात येतं. बाहेरचा दणका टिपून परतणाऱ्याला लग्नाचं निम्मं संगीत भेटतच नाही. बाई असल्यानं मला तिथे सहज जागा मिळाली; पुरुषानं हे काम करायचं ठरवलं तर एखादी बहीण किंवा सहकारी बरोबर हवीच.

७. नावं, हक्क आणि पैसे.

प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, जागा, प्रसंग आणि प्रत्येक वादकाचं नाव स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा. कागद हरवतो, फाइलमधला आवाज हरवत नाही. या बाबतीत आपल्याकडे उत्तम आदर्श आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट. ‘एक ग्रामीण स्त्री’ असं मोघम लिहून त्यांनी कोणाची ओळख पुसली नाही. ‘आदिवासी वादक, हैदराबाद’ एवढ्या चिठ्ठीवर कोणाच्या तीन पिढ्यांची कमाई मिटवणं हा अन्याय आहे.

भारतीय कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीनं कलाकाराचा हक्क आला, आणि आज तो सादरीकरणानंतर ५० वर्षं टिकतो. म्हणजे आपण टिपलेलं वादन वादकाचं असतं. ते कुठे वापरणार हे त्याच्या भाषेत सांगून संमती घ्या. मरफावाल्यांचं पोट लग्नाच्या सुपारीवर असतं. त्यांची दुपार आपण घेतली तर लग्नाच्या दरानंच पैसे द्यावेत. आणि कोणी नको म्हटलं तर यंत्र पिशवीत घालावं. रतनपूरला बावा गोर यांच्या दर्ग्यावर सिद्दींचं धमाल, ज्याला गोमा असंही म्हणतात, ते भक्तीनं होतं. तिथे काही क्षण नुसते बसून ऐकण्याचे असतात.

८. जाल तिथे बोलीचा आधार घ्या.

उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर, हळियाळकडच्या सिद्दींची बोली कोकणी-मराठीला जवळची आहे. मराठी माणसाला तिथे दुभाष्या लागत नाही. त्यांचा डमाम हा ढोल ऐकायला जाणारे मराठी संगीत अभ्यासक फार थोडे आहेत, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

९. मुद्रण परत नेऊन द्या.

ट्रेसीनं १९५४ साली स्थापन केलेला आफ्रिकी संगीताचा संग्रह दक्षिण आफ्रिकेत आहे. अलीकडे त्या संग्रहातली गाणी केनिया आणि युगांडातल्या मूळ गावांत परत नेण्याचं काम झालं. त्याला साठ वर्षं लागली. आपण ते दुसऱ्याच आठवड्यात करू शकतो. मी वादकांना मूळ फाइल पेन ड्राइव्हवर देते आणि ऐकण्यापुरती छोटी फाइल फोनवर पाठवते. मग तो आवाज वस्तीत फिरतो, पोरं त्यावर बोटं वाजवून बघतात, म्हातारी माणसं ‘हे असं नव्हतं’ म्हणून दुरुस्ती सांगतात. ती दुरुस्तीही टिपायची. एक प्रत वस्तीत, एक माझ्याकडे, आणि एक एखाद्या संस्थेकडे. १९८२ साली सुरू झालेलं मानववंश-संगीताचं संग्रह व संशोधन केंद्र आज गुरुग्रामला आहे. ते नझीर जयराजभॉय यांच्या पुढाकारानं उभं राहिलं. त्यांनी आणि एमी कॅटलिन यांनी गुजरातच्या सिद्दींमध्ये, मलुंगा या एकतारी धनुर्वाद्यासह, फार मोलाचं काम करून ठेवलं आहे.

१०. जुन्या कॅसेट शोधा.

मरफ्याचा सर्वांत मोठा जुना संग्रह कुठल्याही संस्थेत नाही. तो हैदराबाद आणि मराठवाड्यातल्या घरांच्या माळ्यांवर, लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये पडून आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. नांदेड, परभणी, संभाजीनगरच्या लग्नांतही हे वादन ऐकू येत असे. या चुंबकीय फिती वर्षागणिक खराब होतात, त्या वाजवणारी यंत्रं आता बनत नाहीत आणि दुरुस्त करणारे कारागीरही फारसे उरलेले नाहीत. तेव्हा तुमच्या घरी ऐंशी-नव्वदच्या दशकातली अशी एखादी कॅसेट असेल, तर ती याच महिन्यात डिजिटल करून घ्या, वाजवणाऱ्यांची नावं घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा, आणि एक प्रत त्या वादकांच्या घरी पोचवा.