निघण्याआधी खाती मिटव

कॅनडाचं पीआर आलं, आता घरात बॅगांच्या वजनावरून चर्चा सुरू होईल. भाजणी-मेतकुटाचं वहिनी बघेल. कागदांचं मात्र आत्याकडून ऐक. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली, आणि परदेशी गेलेल्या मुलांच्या मागे उरलेली प्रकरणं मी टेबलावर उलगडून पाहिली आहेत.

तुझा सिबिल स्कोअर कितीही चांगला असो, टोरांटोत तो कुणी विचारणार नाही. तिथेही स्कोअर ३०० ते ९०० मध्येच मोजतात. इथे सिबिल ज्या ट्रान्सयुनियनची, तीच कंपनी तिथे इक्विफॅक्सच्या जोडीने नोंदी ठेवते. तरी इथली नोंद आपोआप तिकडे जात नाही. तुला पहिल्यापासून सुरुवात करायची आहे. पण इथली नोंद पुसलीही जात नाही, आणि त्याची झळ तुझ्याआधी तुझ्या भावाला, दादाला लागेल, कारण तुझ्या एमबीएच्या कर्जाला तो सहकर्जदार आहे.

हे कसं घडतं ते नीट समजून घे. हप्ता तुझ्या पगाराच्या खात्यातून आपोआप वळता होतो. नोकरी सोडलीस की काही महिन्यांनी बँक ते खातं साध्या बचत खात्यात बदलते, मग अनेक बँकांत किमान शिल्लक ठेवावी लागते. शिल्लक घटली की दंड, दंडाने ती आणखी घटते, आणि एके दिवशी हप्ता परत जातो. मेसेज बंद पडलेल्या नंबरवर, पत्र भाड्याच्या जुन्या घरी. आमच्या शाखेत एक निवृत्त शिक्षक घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज मागायला आले होते. मुलगा परदेशात उत्तम कमावत होता, पण त्याचे हप्ते थकले होते आणि थकबाकी वडिलांच्या अहवालात दिसत होती. त्या गृहस्थांचा चेहरा पाहवत नव्हता. तेव्हा शक्य असेल तर जाण्याआधी कर्ज फेडून टाक. नाहीच जमलं, तर हप्ता कोणत्या खात्यातून जाणार ते बँकेकडून लेखी घे आणि त्या खात्यात सहा महिन्यांचे हप्ते आगाऊ ठेव.

क्रेडिट कार्डांचंही तेच. वापरत नाही म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलेल्या कार्डावर वार्षिक फी चढते, फीवर व्याज. वार्षिक फी असलेली सगळी कार्डं बंद कर. बाकी भरून लेखी अर्ज दिला की सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं कंपनीवर बंधनकारक आहे. उशीर झाला तर कंपनीला दिवसाला ५०० रुपये तुला द्यावे लागतात, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ना-देय दाखला मागून घे, आणि दोनेक महिन्यांनी अहवाल तपास. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.

कायमचं राहायला गेल्यावर साधं बचत खातं तसंच चालवणं फेमा कायद्यात बसत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं करून घे. तुझ्या इथल्या फ्लॅटचं भाडं, लाभांश, इथलं जे काही येईल ते त्यातच. एनआरओच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस आणि वर उपकर कापतात. तिथली कमाई इकडे पाठवायची तर एनआरई खातं वेगळं उघड. त्याच्या व्याजावर भारतात कर नाही आणि पैसे हवे तेव्हा परत नेता येतात. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, मुदतवाढ मात्र मिळत नाही.

मोबाईल नंबर जपायला हवा. बँक, आधार, आयकर, सगळ्यांचे ओटीपी त्याच्यावर येतात, आणि ९० दिवस वापर नसला तर कंपनी तो बंद करू शकते. सिम सोबत ने, रोमिंग इथूनच चालू करून घे, रिचार्ज चुकवू नकोस. सोयीसाठी सिम घरी ठेवून दुसऱ्याला ओटीपी विचारायची सवय मला मुळीच पसंत नाही, मग तो दुसरा सख्खा भाऊ का असेना.

आता दागिने. कॅनडात उतरल्यावर कस्टमला सामानाची यादी द्यावी लागते: सोबत काय आणलं आणि मागाहून काय येणार. आईच्या पाटल्या आत्ता लॉकरमध्ये ठेवून पुढच्या दिवाळीला नेणार असशील, तर त्या मागाहूनच्या यादीत आजच लिही, नाहीतर तेव्हा शुल्क मागतील. नुसतं 'सोन्याचे दागिने' लिहून भागत नाही. पाटल्या दोन, वजन इतके ग्रॅम, अमुक नक्षी असं लिहायचं, सराफाचा मूल्यांकनाचा दाखला आणि फोटो जोडायचे. दहा हजार कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम जवळ असेल तर तीही जाहीर करायची.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार कमी लोक करतात. कॅनडाच्या करासाठी तू ज्या दिवशी तिथली रहिवासी होशील, त्या दिवशीचा बाजारभाव हीच तुझ्या शेअर, म्युच्युअल फंड आणि फ्लॅटची खरेदी किंमत धरतात. म्हणून त्या तारखेचा डिमॅटचा उतारा आणि फंडांचं स्टेटमेंट काढून ठेव, फ्लॅटचं मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून करून घे. दहा वर्षांनी फ्लॅट विकताना हा कागद लाखो रुपयांचा ठरेल.

पासपोर्टवर सासरचं आडनाव, पॅनवर माहेरचं, पासबुकावर आडनाव आधी. आपल्या मुलींचे कागद असेच असतात. निघण्याआधी सगळीकडे पासपोर्टप्रमाणे नाव करून घे. मुखत्यारपत्र दादाच्या नावे, पण फक्त फ्लॅटच्या कामापुरतं, आणि इथेच दुय्यम निबंधकाकडे नोंदव. तिथून करायचं तर वकिलातीची साक्षांकनं आणि कागद इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक, असा लांबचा फेरा पडतो.

तिकडे गेल्यावर सिन (सोशल इन्शुरन्स नंबर) काढ, मग नवागतांसाठीच्या योजनेत बँक खातं आणि एकच कार्ड घे. साधं कार्ड मिळालं नाही तर अनामत ठेवून मिळणारं घे. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत खर्च, आणि बिल पूर्ण भरायचं. किमान रकमेवर समाधान मानणाऱ्यांनीच मला नोकरीभर काम पुरवलं. एकदम चार ठिकाणी कार्डासाठी अर्ज करू नकोस. ओंटारियोत घरमालक शेवटच्या महिन्याच्या भाड्याइतकीच अनामत मागू शकतो, सहा महिन्यांचं आगाऊ मागितलं तर घाबरून देऊ नकोस. नियुक्तीपत्र आणि बँकेचं पत्र दाखव.

रविवारी पासबुकं, कार्डं आणि कर्जाचं मंजुरीपत्र घेऊन ये. सगळ्या खात्यांवर नॉमिनी कोण आहे तेही बघून ये. अर्ज आपण दोघी बसून लिहू, सोमवारी शाखा उघडताच तू ते देऊन पोच घे.